बिनमिशीचा वीर

माझे वडील सुंदरराव यांनी कुंभकोणमच्या एका कॉलेजात तीस वर्षं रोमचा इतिहास शिकवला आणि त्या रोमचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही. मी हे चिडून लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. चिडायचं कुणावर, ते मात्र अजून ठरत नाही. कधी कॉलेजच्या ट्रस्टींवर चिडते, कधी खुद्द नानांवर (वडिलांना आम्ही नाना म्हणायचो), आणि कधी आमच्या देवघरातल्या अंगठ्याच्या पेराएवढ्या एका सोन्याच्या चकतीवर.

आम्ही तंजावरी मराठी ब्राह्मण. मूळपुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर हिशेब लिहायला खाली आला आणि परत जायचं राहून गेलं. नानांच्या जन्माआधीच राज्य खालसा झालं, दरबार संपला, तेव्हा ज्यांना इंग्रजी येत होतं ते कचेऱ्यांत आणि शाळांत शिरले. घरात आमचं ते जुनं मराठी, दाराबाहेर तमिळ आणि पोट भरायला इंग्रजी, असा सगळा संसार. माझं लग्न पुण्याला झालं. तिथं माझं बोलणं ऐकून सासरची मंडळी पहिलं वर्षभर तोंडाला पदर लावून हसली. म्हणून हे त्यांच्या मराठीत लिहिते आहे.

गावातलं सरकारी कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. नानांचं कॉलेज ते नव्हे. एका मिराशदारानं, म्हणजे बड्या जमीनदारानं, नवस फेडावा तसं एक लहानसं कॉलेज काढून दिलं होतं, तिथं ते होते. आता ते बंद पडलं, तेव्हा त्याचं नाव काढत नाही. ट्रस्टी गावातलेच, पण प्रिन्सिपॉल गोराच हवा असा त्यांचा हट्ट. गोऱ्या माणसाशिवाय कॉलेजला शोभा नाही. इतिहासाचा प्रोफेसरही बाहेरूनच यायचा. पहिला आला त्याचा विषय मुळात रसायनशास्त्र होता. दुसरा तब्येतीसाठी वर्षातले सहा महिने निलगिरीला असायचा. ग्रीस नाना शिकवायचे, रोमही नानाच शिकवायचे, पेपर तेच तपासायचे, आणि दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली ‘असिस्टंट’ हा शब्द जसाच्या तसा राहायचा. दर दोन-तीन वर्षांनी कॉलेजवाले पाटीला नवा रंग द्यायचे, तेव्हा तो शब्दही न चुकता रंगवायचे.

नाना चांगले शिकवायचे हे पोरंही मान्य करत. त्यांची एक खोड होती. निबंधात पोरानं काहीही लिहिलं की समासात निळ्या पेन्सिलीनं एकच शब्द यायचा: पुरावा? कॉलेजात तो इंग्रजीत, घरी मराठीत. मांजरानं दूध प्यालं म्हणून आई ओरडली की नाना ओट्यावरून विचारायचे, “पुरावा?” काकी म्हणाली की शेजारणीची दृष्ट लागली, तर पुन्हा तेच. आई म्हणायची, ह्या मनुष्यास देव भेटला तरी आधी साक्षीदार मागेल.

तर नानांना प्रोफेसर व्हायचं होतं. सांगायला लाजायचे, पण व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी एक निबंध लिहायला घेतला होता आणि तो कित्येक वर्षं चालला होता. रोमची जहाजं आपल्या किनाऱ्याला यायची, मिरी आणि मोती घेऊन जायची, सोनं टाकून जायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोइमतूरकडं रोमची नाणी घड्यांनी सापडली आहेत. नानांचं म्हणणं एवढंच होतं की ते सोनं कावेरीच्या मुखाशी उतरून नदीच्या काठाकाठानं आत आलं, म्हणजे आपल्या कुंभकोणमवरून गेलं. ग्रंथांतून त्यांनी ढीगभर आधार काढले. मद्रासहून जुन्या नाण्यांचे जाणकार असलेले एक साहेब कॉलेजात व्याख्यानाला आले, त्यांना निबंध दाखवला. साहेबांनी रात्रभर वाचला आणि सकाळी म्हणाले, “हे सगळं मला पटतं. पण ह्या तालुक्यातलं एक नाणं दाखवा. कुठल्या जमिनीत सापडलं ते ठाऊक असलेलं, एकच. मी स्वतः छापतो.” प्रिन्सिपॉल शेजारीच उभे होते. ते म्हणाले की तसं छापून आलं तर पुढच्या वेळी प्रोफेसरची जागा भरताना ट्रस्टींना बाहेर बघायचं कारण उरणार नाही.

म्हणजे नानांचं निळ्या पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह आता त्यांच्याच निबंधावर पडलं होतं.

मग नाणं शोधायचं वेड लागलं. सुट्टी लागली की नाना छत्री घेऊन निघायचे. पापनाशमला एका सावकाराकडं ‘राजाचं तोंड असलेली पुतळी’ आहे असं कळलं, तिथं गेले. सावकार म्हणाला, मागच्याच महिन्यात सुनेच्या पाटल्यांत घातली. नाचियार्कोविलला समया ओतणाऱ्यांच्या भट्ट्यांवर जाऊन बसले, कारण मोडीत काय काय येतं ते त्यांना बघायचं होतं. तिथं धूर खाऊन आले आणि आठवडाभर खोकले. तिरुवलंचुळीला पांढऱ्या विनायकाच्या देवळाजवळ आमची थोडी इनामी जमीन होती. तिथल्या कुळानं एक तांब्याचं नाणं जपून ठेवलं होतं, ते मोठ्या आशेनं बघायला गेले, तर ते निघालं डच कंपनीचं. त्या दिवशी ते आमच्याच विहिरीच्या काठावर बसून पाणी प्याले, कुळाला ‘नांगरताना लक्ष ठेव’ असं सांगितलं आणि घरी आले. ती विहीर लक्षात ठेवा. मला तिची आठवण आली की आजही डोकं फिरतं.

आता घराचं सांगते. थोरले काका अप्पाराव घरचे कर्ते, देवपूजा त्यांच्याकडं. नानांना देवघरात मज्जाव होता. कारण त्यांची पुस्तकं. विलायतेहून येणारे ते जाड ग्रंथ कातड्यात बांधलेले असायचे, आणि ते कातडं कशाचं असतं हे काकांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. तेव्हापासून पुस्तकं आणि नाना दोघांचाही मुक्काम तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर. आत यायचं तर आंघोळ करून, आणि मडीत असलेल्या माणसाला, म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला, न शिवता. देवांच्या जवळ तर नाहीच. नानांनी कधी वाद घातला नाही. त्यांना देवांची घाई नव्हती आणि पुस्तकं सोडवत नव्हती.

देवघरात टाक होते, तुमच्याकडे असतात तसेच: खंडोबा, भवानी आणि एक वीर. घरातला पुरुष लढाईत पडला की त्याचा टाक करून पुजायची रीत आपल्या लोकांनी इथवर आणली. आमच्या वीराची गोष्ट काकी सांगायची. मूळपुरुषाचा धाकटा भाऊ, मिसरूड फुटायच्या वयाचा, लढाईत गेला आणि प्रेतसुद्धा सापडलं नाही. आई वाट बघत राहिली. पुढं इनाम मिळालं, तिरुवलंचुळीला विहीर खणायला घेतली, तर मातीतून सोन्याची चकती निघाली आणि तीवर एका तरुणाचं तोंड. मिशी नाही, कोवळी हनुवटी, डोक्याला मुंडावळी बांधल्यासारखं काही. आईनं ती पदरानं पुसली आणि म्हणाली, हा माझा मुलगा. तेव्हापासून तो आमचा वीर. साऱ्या तंजावर जिल्ह्यात बिनमिशीचा वीर आमच्याच घरी.

ही गोष्ट नानांनी लहानपणापासून ऐकली होती. आणि दर वेळी हसून म्हणाले होते, “मनुष्य कधी विहिरींतून निघतो काय, वैनी? पुरावा?” काकी म्हणायची, “आईस लेंकराचें तोंड कळत नाहीं काय?” नानांना वाटायचं, कुणा सोनारानं घडवलेला साधा टाक असेल, बायकांनी त्याला गोष्ट चिकटवली. आणि वीर बघावा तर तो कायम गंधाखाली. पिढ्यानपिढ्या चंदन आणि कुंकू थापून त्याचं तोंड दिसायचंच बंद झालं होतं. मुंज झाल्यावर नानांनी तो शंभरदा हातात घेतला असेल, पण तेव्हा त्यांना रोम माहीत नव्हतं. आणि रोम माहीत झालं तेव्हा देवघर बंद झालं होतं. हे वाक्य त्यांचंच आहे.

अप्पाराव काका वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. पूजा नानांकडं आली. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. सुतक फिटल्यावर पहिल्या दिवशी नाना सोवळं नेसून देवांपुढं बसले. अनेक वर्षांची सवय मोडलेली, त्यामुळं नवशिक्यासारखं त्यांनी सगळं जरा जास्तच मनापासून केलं. वीराला ताम्हनात घेऊन कोमट पाणी घातलं, चिंचेनं चोळलं. गंधाची खपली सुटली. नानांचा हात थांबला. त्यांनी चष्मा मागितला. मी म्हटलं, चष्म्याचं घर कातड्याचं आहे, कसं चालेल? ते इतक्या जोरात “आण!” म्हणाले की काकी स्वयंपाकघरातून धावत आली.

तो टायबेरियस होता, हे आम्हाला पुढं कळलं. रोमचा बादशहा. मुंडावळ्या नव्हेत, पानांचा मुकुट. कडेनं अक्षरं होती, निम्मी झिजलेली, पण उरलेली नानांना पुरत होती. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई. नाना पुन्हा पुन्हा चकती उलटीपालटी करत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. काकीला वाटलं, भावाची आठवण झाली. तिनंही डोळे पुसले. “वैनी,” नाना म्हणाले, “तो विहिरींतून आला म्हणून तुम्ही सांगत होतां, तें खरेंच.” काकी म्हणाली, “आम्ही काय खोटें सांगतों?”

माझ्या आयुष्यात मी नानांना इतकं सुखी कधी पाहिलं नाही. विहीर जागेवर होती, इनामाची सनद होती, चकती घराबाहेर कधी गेली नव्हती. पुरावाच पुरावा. त्यांनी मद्रासच्या साहेबांना कळवलं, साहेबांनी येतो म्हणून उलट टपालानं कळवलं. आता इथं एखाद्या अडाणी माणसानं काय केलं असतं? चकती खिशात घालून दुसऱ्या दिवशी मद्रासची गाडी पकडली असती. पण नाना पडले शास्त्राचे माणूस. नाणं जागेवरून हलता कामा नये, साहेबांनी ते ह्याच घरात पाहिलं पाहिजे. मेणात ठसा घेऊ का म्हणून त्यांनी काकीला विचारलं, ती म्हणाली, वीराला मेण फासायचें नाहीं. बरं, तर मग परीक्षेच्या कामाला मद्रासला जायचंच होतं, तिथून ठसे घ्यायची चांगली पांढरी माती आणू, असं ठरवून ते गेले. जाताना आईला आणि काकीला एवढंच सांगितलं, “मद्रासचे साहेब वीरास पाहावयास येणार. माझी जागा त्यावरच ठरणार.” बस्स. पुढं एक अक्षर नाही. टायबेरियस कोण, नाणं म्हणजे काय, झिजलेली अक्षरं का जपायची, काही नाही. सांगायची गरजच त्यांना वाटली नाही. ते वर्गात नव्हते ना.

आणि आमच्या घरच्या बायकांनी जे करायला हवं तेच केलं. लग्नमुंजीसारखं मोठं कार्य निघालं की आधी देव उजळायला द्यायचे, ही रीत आहे. झिजलेला टाक सोनाराकडं जातो, तो मागून ठोकून तोंड पुन्हा उठवतो, कड नीट करतो, डोळे-नाक कोरतो. ह्याहून मोठं कार्य ते कुठलं? घरधन्याची प्रोफेसरी. दोघींनी मुहूर्त पाहिला, वीराला नारळ ठेवला आणि मणी पत्तरला, म्हणजे आमच्या नेहमीच्या सोनाराला, घरी बोलावलं. मणीचा हात साऱ्या कुंभकोणमात नावाजलेला. मी आतल्या खोलीत बाळाला घेऊन पडले होते. ठोकण्याचा बारीक आवाज ऐकत होते आणि, खरं सांगते, मलाही काही वाटलं नाही. चांगलं चाललंय असंच वाटलं.

मिशीची कल्पना काकीची. गोऱ्या माणसांपुढं आपला वीर पोरासारखा कसा न्यायचा? दोनशे वर्षांत त्यास मिशी आली नसती काय, असं ती म्हणाली, आणि आईला ते पटलं. मणीनं झोकदार मिशी कोरली. मुकुटाची पगडी केली. अक्षरं तर अगदीच विद्रूप दिसत होती, त्यांच्या जागी मोत्यांसारख्या बारीक ठिपक्यांची कड काढली. चकती उभी राहावी म्हणून मागं एक टेकू डकवला.

नाना परतले ते पांढऱ्या मातीचा डबा काखेत घेऊन. आईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि काकीनं तबकात तांदळावर वीर ठेवून समोर आणला. दोघींचे चेहरे मी विसरणार नाही. नानांनी वाकून पाहिलं. मग ते तिथंच जमिनीवर बसले.

“कोण केलें हें?” त्यांनी विचारलं.

“मणी पत्तर,” आई म्हणाली. “पाहा तरी, कसें तेज आलें आहे.”

नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चकती हळूच उलटी केली. बाई बसलेली होती तिथं हातोडीचे ठोके आणि टेकू. ती त्यांनी परत तांदळावर ठेवली, उठून तिण्णैवर गेले आणि पुस्तकांच्या फळीला पाठ लावून जेवायच्या वेळेपर्यंत तसेच बसून राहिले. आईनं मला विचारलं, काय चुकलें? मला तरी कुठं ठाऊक होतं.

साहेब ठरल्या दिवशी आले, प्रिन्सिपॉलना घेऊन. येऊ नका असं कळवायला वेळ होता. नानांनी कळवलं नाही. मला वाटतं, भिंगातून एखादी रेघ तरी दिसेल अशी त्यांना आशा होती. त्यांनी सगळं खरं सांगितलं: विहीर, सनद, आधी काय होतं, मग काय झालं. मद्रासला जाण्याआधी स्वतःच्या हातानं काढलेलं नाण्याचं चित्र दाखवलं. साहेबांनी भिंग लावून मागचे ठोके फार वेळ पाहिले. “इथं खुर्चीचा पाय असू शकेल,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “मिस्टर राव, तुम्ही खोटं बोलताय असं मला मुळीच वाटत नाही. पण मी छापू काय? मिशीवाल्या माणसाचं चित्र?” रोमच्या नाण्यांचं वजन ठरलेलं, म्हणून ते तोलून पाहायचंही सुचलं, पण मणीनं टेकूला सोनं वापरलं होतं आणि कड घासून काही काढलंही होतं. प्रिन्सिपॉल तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

ही हकीकत कॉलेजभर व्हायला वेळ लागला नाही. पोरांनी फळ्यावर सीझर काढला, मिशीसकट. पुढच्या वर्षी प्रोफेसरची जागा निघाली, ती स्वामीनाथ अय्यरला मिळाली. हा नानांचाच विद्यार्थी, ट्रस्टींपैकी एकाचा भाचा. वाईट मनाचा असता तर त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण तो चांगला होता. नाना खोलीत आले की खुर्चीतून उठून उभा राहायचा. आपल्याच विद्यार्थ्याला रोज असं उठवायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते नानाच जाणोत. ते मग त्या खोलीत जायचेच टाळू लागले.

घरी एकदाच बोलणं झालं. नाना जेवताना म्हणाले, अगदी शांतपणे, की तुम्ही दोघींनी मिळून माझें आयुष्य पुसलें. काकी उठून आत गेली. आई वाढता वाढता थांबली. ती कधी उलट बोलणारी नव्हती.

“दुसऱ्यांच्या पोरांस इतकीं वर्षें रोम सांगितलेंत,” ती म्हणाली. “मला एकदां तरी सांगितलेंत काय, हा कोण म्हणून? मी ऐकलें नसतें?”

नाना पानातला भात कालवत राहिले. मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि मला दोघांचाही राग येत होता. त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. घरात तीन भाषा होत्या आणि एकीतही हे बोलणं झालं नव्हतं. उरलेल्या पांढऱ्या मातीनं आईनं पुढं तुळशीच्या वृंदावनाची भेग बुजवली. ती माती फार चिवट निघाली, भेग परत आली नाही.

एवढं मात्र झालं, की त्यानंतर नाना सांगू लागले. संध्याकाळी तिण्णैवर ते आणि दारात आई भाजी चिरत. मी माहेरी गेले की ऐकायचे. आईला बादशहांची नावं उच्चारता येत नसत, पण कोण कुणाचा जावई आणि कुणी कुणाला विष घातलं हे तिच्या डोक्यात पक्कं बसायचं. टायबेरियसबद्दल तिचं मत होतं की सगळा दोष त्याच्या आईचा, पोराला राज्यावर बसवायची तिला नसती हौस. “नाण्याच्या मागें बसली होती ती तीच, असें म्हणतात,” नाना म्हणाले. आईचा हात थांबला. “म्हणजे मणीनें आईस ठोकलें?” तिनं विचारलं. नानांनी मान हलवली. आई विळी घेऊन आत गेली.

नाना असिस्टंट म्हणूनच निवृत्त झाले. निबंध ट्रंकेत गेला.

त्यानंतरची गोष्ट. मी मुलांना घेऊन उन्हाळ्यात कुंभकोणमला गेले होते. पुण्याचे एक संशोधक, माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे, दक्षिणेतल्या मराठी घराण्यांची माहिती गोळा करत हिंडत होते. त्यांचा मुक्काम दोन दिवस आमच्याकडं पडला. मोठे उत्साही गृहस्थ. आईच्या प्रत्येक वाक्याला “वा, काय जुनं मराठी!” म्हणायचे, जसं काही ती त्यांच्या करमणुकीसाठी बोलत होती. नानांना त्यांनी विचारलं, आपण काय करत होता? नाना म्हणाले, कॉलेजांत होतों. त्यावर पुढचा प्रश्न आला नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर त्यांनी टाक पाहायला मागितले. नानांनी वीर तबकात ठेवून बाहेर आणला. संशोधकांनी पाहिला मात्र आणि ते उठूनच उभे राहिले. पगडी, मिशी, भुवया! शिवकालानंतरचा अस्सल मराठी वीर, म्हणाले, इतका सुरेख टाक आपण महाराष्ट्रातही पाहिला नाही. हा चेहराच सांगतो. त्यांनी बरोबरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला, लांबी-रुंदी टिपून घेतली. आपल्या मासिकाच्या पुढच्या अंकात छापतो म्हणाले. आणि छापलाही, अर्ध्या पानभर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं तेवढ्यात नानांनी हात किंचित वर केला, वर्गात पोरांना गप्प करताना करायचे तसा. मी गप्प बसले. आई दारात काफीचा लोटा घेऊन उभी होती, ती नानांकडं बघत होती. संशोधक काफी पिऊन, सगळ्यांना नमस्कार करून, तंजावरच्या गाडीला निघून गेले.

मी नानांवर तुटून पडले. आयुष्यभर वाट पाहिलीत ती हा छापून यावा म्हणून, आणि आज तो भलत्याच नावानं छापून येणार तर एक शब्द बोलवेना तुम्हाला? तुम्ही तर आम्हाला मांजराचा पुरावा मागायचात.

नाना चष्मा पुसत होते. “काय सांगूं, पंकजे?” ते म्हणाले. “त्यांच्याजवळ मिशी आहे. माझ्याजवळ काय आहे?”

दुसऱ्या दिवशी मी देवांची फुलं निवडायला देवघरात बसले. नाना पूजा करत होते. खंडोबाला पाणी घातलं, भवानीला घातलं, पुसून जागेवर ठेवलं. मग वीराला तळहातावर घेतलं आणि ओल्या चिंचेचा बोळा त्याच्या वरच्या ओठावर फिरवू लागले, पुन्हा पुन्हा त्याच जागी. मी जवळून पाहिलं. मिशीचं एक टोक जवळजवळ गेलं होतं. एका दिवसाचं ते काम नव्हतं; फोटो काढताना संशोधकांच्या काही लक्षात आलं नसावं. आई माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं आणखी थोडी चिंच भिजवून वाटी त्यांच्यापुढं सरकवली.